नाव काढून घेण्याआधी

लेकरा,

तुझं पत्र मिळालं. "अण्णांना कोणत्या तोंडानं सांगू?" हे तू तीन ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत विचारलंयस. निघायचं की नाही, यापेक्षा सांगायचं कसं याचंच ओझं तुला जास्त झालंय. आधी निघण्याचं बोलू, अण्णांचं मागाहून.

तू म्हणतेस, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग जमत नाही. पण पहिल्या सेमिस्टरला तू सगळ्या विषयांत सुटलीस, गणितात तर गुण चांगले आहेत. मग नडतंय काय? मेसचं जेवण, खोलीतल्या मुलींचं फाडफाड इंग्रजी, वर्गात तोंड उघडायची भीती, हे एक दुखणं. विद्यापीठात रात्रंदिवस पॅकेज आणि प्लेसमेंटशिवाय दुसरा विषय नसणं, हे दुसरं. आणि मुळात विषयच नको असणं, हे तिसरं. पहिल्यासाठी कुणी विद्यापीठ सोडू नये. मराठी माध्यमातून गेलेल्या आपल्या पोरापोरींचं पहिलं वर्ष इंग्रजीशी झुंजण्यातच जातं आणि दुसऱ्या वर्षी भीड चेपते, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. दुसऱ्यासाठी फार तर कॉलेज बदलावं. विषयच नको असेल तर मात्र उरलेली तीन वर्षं दात-ओठ खाऊन काढण्यात काही मोठेपणा नाही.

मला तुझ्या पत्रात हे तिसरंच दिसतंय. चार पानांत कॉम्प्युटरवर तू धड तक्रारसुद्धा केलेली नाहीस. लिहिलंयस ते शेतातल्या बोअरबद्दल. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, रात्री बोअरची गाडी लागली, आणि घरचे सगळे पाणी कधी लागतं म्हणून बघत असताना तू बाहेर पडणारी भुकटी बघत होतीस. आधी पिवळसर मुरूम, मग राखाडी, मधेच विटकरी तांबडी, मग पुन्हा राखाडी. ठरावीक फुटांवर एकेक मूठ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून वर पेनानं फूट लिहून ठेवलेस. बोअर कोरडं गेलं, पण पुड्या तू अजून जपून ठेवल्यास.

तो तांबडा थर काय, असं विचारलंयस. आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेला लाव्हा. एक थर निवाल्यावर पुढचा यायला काही ठिकाणी बराच काळ गेला. तेवढ्यात खालच्या थराचा वरचा भाग झिजून, कुजून तांबडा झाला आणि नव्या लाव्ह्याखाली दबला. पाणी राहतं ते भेगांत, सच्छिद्र थरांत आणि कुजलेल्या मुरमात. अखंड काळ्या पाषाणात ते शिरत नाही. म्हणूनच बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांत एकाला पाणी लागतं आणि दुसऱ्याच्या बोअरमधून नुसता धुरळा उडतो. कुणी शिकवलेलं नसताना तू थर मोजत बसलीस. ही ओढ खरी आहे.

तरीही तेवढ्यावर उठून निघू नकोस. ज्या कॉलेजात बीएस्सीला भूशास्त्र आहे तिथं जा, दोन दिवस मागच्या बाकावर बस. खनिजांची नावं पाठ करणं, दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरून तास न् तास बघणं, उन्हात हातोडा घेऊन हिंडणं, हे सगळं आवडतंय का बघ. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार की पुढं काय करणार. या विषयात पदवीवर फारसं काही हाती लागत नाही, एमएस्सी करावीच लागते. त्यासाठी नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राची सोय आहे. एमएस्सीनंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आहे. जागा थोड्या निघतात, वाट लांबची आहे. हे ठाऊक असूनही जावंसं वाटलं तर जा.

"पुणं सोडून परभणी-नांदेडला यायचं म्हणजे खाली उतरणं," असं तुझी मैत्रीण म्हणाली म्हणे. तिला सांग, 1958 ला आपलं मराठवाडा विद्यापीठ निघालं, त्याआधी इथल्या पोरांना विद्यापीठासाठी हैदराबादच्या उस्मानियाकडं बघावं लागे आणि निजामाच्या काळात तर शिकावं लागे ते उर्दूतून. त्याच उस्मानियातून 1938 साली 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. त्यांना काढलं होतं, तू स्वतः निघते आहेस, आणि त्यांचं कारण फार मोठं होतं. पण विद्यापीठ सुटलं म्हणजे शिक्षण सुटलं, असं आपल्याकडं तेव्हाही कुणी मानलं नाही.

आता कागदांचं. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा सोडायची नाही, मन लागो न लागो. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे सुटलेल्या विषयांचे श्रेयांक, 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या सरकारी ऑनलाइन नोंदीत सात वर्षांपर्यंत टिकू शकतात. गणित-भौतिकशास्त्राची काही नव्या ठिकाणी धरतात का, ते प्रवेशाआधीच विचार. एका वर्षावर बाहेर पडणाऱ्याला नव्या शैक्षणिक धोरणात प्रमाणपत्राची तरतूद आहे. तुमच्याकडं ती लागू आहे का, हे परीक्षा विभागात लेखी विचार. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आत निर्णय व्हायला हवा. भरून बसलीस तर परताव्यासाठी हेलपाटे घालत बसशील. वसतिगृहाची अनामत मागून घे. मूळ गुणपत्रिका आणि दाखले विद्यापीठानं अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 मध्ये स्पष्ट बजावलंय. कुणी "साहेब रजेवर आहेत" म्हणून टोलवलं तर अर्ज दे आणि पोच घे. शिष्यवृत्ती आणि बँकेचं कर्ज या दोन्ही ठिकाणी अभ्यासक्रम बदलतोय हे आधी कळव. कर्जाचा हप्ता शिक्षण चालू आहे म्हणून थांबलेला असतो, मधेच बंद झालं की तो हिशेब बदलतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. नव्या कॉलेजात प्रवेश पक्का होत असेल तरच पुण्याचा टीसी काढ. पण नवे कॉलेजवाले आधी टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट मागतील. हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात का विचार. "वर्षभर घरी बसून ठरवते" असं चुकूनही म्हणू नकोस. मुलगा वर्षभर घरी बसला तर लोक म्हणतात, तयारी करतोय. मुलगी बसली की दिवाळीनंतर स्थळं यायला लागतात. तुझे अण्णा तसे नाहीत, मला ठाऊक आहे. पण आत्या, चुलते, भावकी रोज ओट्यावर येऊन बसली की चांगल्या माणसाचाही धीर सुटतो. अशा रिकाम्या वर्षात शिक्षण कायमचं सुटलेल्या हुशार मुली मी पाहिल्यात. त्यांची आठवण झाली की आजही जीव तुटतो. तुझ्या बाबतीत ते होता कामा नये.

अण्णांना फोनवर सांगू नकोस. पेपर झाले की गावी जा आणि चार माणसांत नाही, दोघंच असताना बोल. "मला जमत नाही" इथून सुरुवात केलीस तर ते धीर देत बसतील. "मला हे शिकायचंय" इथून कर. पुड्या दाखव. पैशाचं बोलणं निघेलच, सोयाबीन विकून फी भरलीय. भरलेली फी तू राहिलीस तरी परत येत नाही आणि निघालीस तरी येत नाही. प्रश्न पुढच्या तीन वर्षांच्या फीचा आहे. दोन्हीकडचा खर्च एका कागदावर मांडून त्यांच्या हातात दे. ते चिडतील, कदाचित न जेवता शेतात निघून जातील. मागं लागू नकोस. दुसऱ्या दिवशी ते स्वतः विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेव.

ते माझ्याकडं आलेच तर तुला लिहिलं तेच त्यांना सांगेन. पण त्यांना पहिल्यांदा कळायला हवं ते तुझ्या तोंडून. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की कळव. भूशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांशी तुझी गाठ घालून देतो, मात्र त्यांच्यासमोर बसून प्रश्न तू विचारायचेस.

तुझे
सर