नदीतली जलपर्णी दरवर्षी काढतात, तरी ती परत का येते? कायमचा उपाय काय?

आमची मोटर उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे, इंदापूर तालुक्यात. उन्हाळ्यात ठिबकचा फिल्टर उघडला की जाळीवर पालकाची पातळभाजी सांडल्यासारखा हिरवा, बुळबुळीत थर असतो. मार्च-एप्रिलात जाळी दिवसातून दोनदा धुवावी लागते. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

जलपर्णी आणि शेवाळ जगतात ते आपल्या उसासारखेच, नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरदावर (फॉस्फरस). पाण्यात ते येत राहिलं तर पोकलेन लावून कितीही उपसा, पुन्हा उगवणारच. शिवाय जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढलेली पर्णी लांब नेऊन तिचं खत केलं तर निदान तेवढं अन्न तरी पाण्याबाहेर पडतं. पण बऱ्याचदा तिचे काठावरच ढीग घालतात. ते कुजतात आणि पहिल्या पावसात सगळा अर्क पुन्हा नदीत.

हे अन्न येतं कुठून? आमच्याकडे पहिलं बोट पुण्याकडे जातं, आणि ते चुकीचं नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. 'पण पाणी शुद्ध करून सोडतात ना?' असं शहरातले नातेवाईक म्हणतात. साध्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, मैला आणि दुर्गंधी जाते, नत्र-स्फुरद बरंचसं तसंच राहतं. पाणी नितळ दिसतं, पण शेवाळाच्या दृष्टीने ते खतपाणीच. अमेरिकेत सिएटलच्या लेक वॉशिंग्टनचं हेच झालं होतं. तिथेही प्रक्रिया केलेलंच सांडपाणी तळ्यात जायचं, आणि तळं हिरवं पडलं. 1963 ते 1968 या काळात ते पाणी तळ्यात सोडणं टप्प्याटप्प्याने बंद करून समुद्राकडे वळवलं. 1964 साली पाण्यात जेमतेम अडीच फूट खोल दिसायचं, सत्तरच्या दशकात दहा फुटांपुढे दिसू लागलं. आपण पुण्याचं सांडपाणी समुद्रात नेऊ शकत नाही. म्हणून एसटीपीतच नत्र-स्फुरद काढायची सोय हवी, नाहीतर ते पाणी बागांना आणि शेतीला वळवायला हवं.

आता आमचा वाटा, जो गावात कुणी बोलत नाही. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या) उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, तीही चार हप्त्यांत. पण शेजाऱ्याच्या उसाला जास्त काळोखी दिसली की माणूस आणखी एक पोतं फेकतो. मीही फेकलंय, कृषी पदवी असून! 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात जवळपास 21 किलो नत्र असतं. वरून पाटपाणी दिलं की पिकाला न मिळालेलं नत्र विरघळून मुळांच्या खाली, नाहीतर चारीतून ओढ्याला जातं. स्फुरदाचं वेगळं. ते मातीच्या कणांना चिकटून बसतं, त्यामुळे ते मुख्यतः वाहत्या मातीबरोबर जातं. म्हणून उपायही दोन. नत्रासाठी ठिबकमधून थोडं थोडं खत. स्फुरदासाठी माती परीक्षण करूनच डोस, उसात पाचट न जाळता ठेवणं, आणि ओढ्याच्या कडेला दहा-बारा फूट गवताची पट्टी. ओढ्याकाठचा उकिरडाही हलवायचा. मी हलवला. घरच्यांनी आठवडाभर कुरकुर केली, कारण शेणाची पाटी लांब न्यावी लागते.

ठिबकवर आल्यापासून माझा युरिया जवळपास निम्म्यावर आलाय आणि उसाचं उत्पादन कमी झालेलं नाही.

पण लगेच फरक दिसेल अशी आशा ठेवू नका. धरण खाली गेलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात, आणि तिथे खताची चिमूट न टाकता पीक जोमदार येतं. म्हणजे तळाशी किती साठलंय बघा. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला की गाळातलं स्फुरद पुन्हा सुटतं, त्यामुळे आज सगळं बंद केलं तरी काही वर्षं हिरवं पाणी राहणारच.

तुम्ही पुण्यात असाल तर सोसायटीचा एसटीपी रोज चालतो का, त्याचं पाणी बागेला जातं की थेट नाल्यात, एवढं तरी विचारून बघा. माझा फिल्टर यंदाही दिवसातून दोनदाच धुतोय.