तेच यान, दुसरा पिक्चर
वाचकांचे प्रश्न : जुने पिक्चर, जुन्या कॅसेटी

प्रश्न : काका, नमस्कार. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या गावात मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) रात्री व्हिडिओ आणत. टीव्ही भाड्याचा, व्हीसीआर भाड्याचा, लाइन गेली तर जनरेटर. दोन हिंदी झाले की पहाटेकडे एक इंग्लिश लावत. एका वर्षी अवकाशातला पिक्चर होता. एका ग्रहावरच्या साध्या लोकांना एक दुष्ट धमकावतो, मग त्यांच्यातला एक पोरगा ठिकठिकाणाहून लढवय्ये गोळा करून आणतो. पुढच्या वर्षी दुसरा आला, त्यात लहान मुलगा यानात लपतो अन् ते यान चाचे पळवून नेतात. पण यानं तीच, लढाई तीच, संगीतही तेच! माझा मावसभाऊ आजही म्हणतो, पिक्चर एकच होता, दुसरा तुले झोपेत दिसला. खरं काय? (एक शेतकरी, ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : भाऊ, तुम्ही चांगले जागे होता. पिक्चर दोन होते. लढवय्ये गोळा करणारा 'बॅटल बियाँड द स्टार्स', १९८० चा. मुलगा आणि चाचे असलेला 'स्पेस रेडर्स', १९८३ चा. दोन्ही रॉजर कॉर्मन या निर्मात्याच्या घरचे. पहिल्यासाठी चित्रित केलेली यानांची दृश्यं आणि त्याचं संगीत त्याने दुसऱ्यात पुन्हा वापरलं. तुमच्या डोळ्यांनी आणि कानांनी ते बरोबर पकडलं होतं.

असं का केलं, ते नीट सांगतो, कारण या पिक्चरांना 'फालतू' म्हणून उडवून लावणारे पुष्कळ भेटतात आणि मला ते मनापासून खटकतं. पहिल्या पिक्चरचा खर्च सुमारे २० लाख डॉलर. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ला १ कोटी १० लाखांच्या आसपास लागले होते. म्हणजे तेवढंच आभाळ दाखवायचं, पण पाचव्या हिश्शाच्या पैशात. त्या काळी यान म्हणजे हाताने जोडलेलं मॉडेल. यान एकदा चित्रित करायचं, मागचे तारे वेगळे, इंजिनाचा उजेड वेगळा, आणि मग हे सगळं एका फितीवर जुळवायचं. पडद्यावर डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणाऱ्या तुकड्यामागे माणसांचे दिवस जातात. एवढ्या कष्टाने तयार झालेला तुकडा कॉर्मन एकदाच वापरून कपाटात ठेवणार नव्हता. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वाड्याचा एक पडदा रंगवला की तो हंगामभर वेगवेगळ्या नाटकांत टांगला जातो, आणि पडदा तोच आहे म्हणून प्रेक्षक नाटक सोडून उठत नाही. तसंच हे.

आणि काम करणारी माणसं कोण होती पाहा. यानांची मॉडेलं करायला आलेला आणि त्याच पिक्चरमध्ये कला दिग्दर्शक झालेला पोरगा म्हणजे जेम्स कॅमेरॉन. संगीत जेम्स हॉर्नरचं. दोघेही तेव्हा तिशीच्या आत. १९९७ मध्ये 'टायटॅनिक' आला, त्याचे दिग्दर्शक आणि संगीतकार हेच दोघं. पटकथा जॉन सेल्सची, जो पुढे स्वतः नावाजलेला दिग्दर्शक झाला. कॉर्मनने लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातली एक जुनी लाकडाची वखार घेऊन तिचा स्टुडिओ केला होता. बल्लारपूरचा लाकूड डेपो पाहिलेल्यांनी डोळ्यांपुढे आणावं : तशा जागेत अवकाश उभं केलं या पोरांनी.

गोष्टही तुम्हाला ओळखीची वाटली असणार. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'वरून ती घेतली आहे. ग्रहाचं नाव अकिर ठेवलं, ते त्याच्याच मानासाठी. गाव लुटारूंनी गांजलेलं आणि लढायला बाहेरून माणसं आणायची, हे आपण 'शोले'त पाहिलेलंच आहे.

मावसभावाचा गोंधळ का झाला तेही कळतं. गावोगाव फिरणाऱ्या कॅसेटी म्हणजे कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. व्हीएचएसवर, म्हणजे या घरगुती कॅसेटीवर, मुळातच आडव्या बाजूने साधारण २४० रेषांइतकाच तपशील उतरतो, आणि दर कॉपीला तो आणखी पुसट होतो. चेहरे ओळखू येत नसत, नावांच्या पाट्या वाचता येत नसत. उरायचं काय, तर यानांचा आकार आणि संगीत, आणि नेमकं तेच दोन्हीकडे सारखं! त्या पुसटपणाचा एक फायदाही होता : मॉडेलांचे जोड दिसत नसत. आज स्वच्छ प्रिंटमध्ये ते दिसतात. तरी मी स्वच्छ प्रिंटच पाहा म्हणेन, कारण जोडांबरोबर हातांची कारागिरीही दिसते.

माझं मत विचाराल तर 'स्पेस रेडर्स' फिका आहे, उरलेल्या मालातून केलेला. पहिल्यात मात्र जीव आहे. त्यातलं नेल नावाचं यान बाईच्या आवाजात बोलतं, पायलटला रागावतं, आणि शेवटाकडे आपल्याला तिची खरोखर काळजी वाटू लागते. मावसभावाला घेऊन दोन्ही लागोपाठ पाहा. वाद तिथंच मिटेल.

प्रश्न : काका, माझ्या बाबांची व्हिडिओ लायब्ररी होती. ते आता नाहीत. पत्र्याच्या पेटीत कॅसेटी सापडल्या. एकीवर त्यांच्या अक्षरात 'अवकाश, इंग्लिश' लिहिलं आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरं पांढरं दिसतं. मुलगा म्हणतो, ओळखीच्यांकडून व्हीसीआर आणून लावून पाहू. लावायची का? (एक वाचक, ता. आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : ताई, लावू नका. ती बुरशी आहे. तुमच्या भागात धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा पेटीतली हवासुद्धा ओली असते. व्हीसीआर ही अर्धा इंची फीत बाहेर ओढून एका गोल ड्रमभोवती गुंडाळतो, आणि तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो. बुरशी ड्रमवरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या टोकावर, चढते, चित्र जातं, फीत चिकटून तुटू शकते. वर त्याच मशीनमध्ये घातलेली पुढची कॅसेटही खराब होते. मशीन दुसऱ्यांचं, म्हणून जास्तच जपा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जे आहेत तेवढेच.

मी वर्षानुवर्षं व्हीसीआर उघडले आहेत, त्यावरून सांगतो. कॅसेट आधी घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही आठवडे ठेवा. उन्हात ठेवू नका, टेप वाकडी होते. बुरशी पूर्ण सुकली की अंगणात बसा, नाका-तोंडाला मास्क बांधा. कॅसेटच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. ते काढून कॅसेट सरळ धरा आणि वरचं झाकण हलकेच उचला. फीत कुठून कशी गेली आहे त्याचा मोबाइलवर फोटो आधी काढा, हे विसरू नका. मग धागे न सुटणाऱ्या मऊ कोरड्या कापडातून फीत हाताने एका चकरीवरून दुसरीवर घ्या, ओढ न देता. दोन्ही चकऱ्या एखाद्या चांगल्या कॅसेटच्या स्वच्छ खोक्यात बसवा. जुनं खोकं फेकू नका, त्यावर बाबांचं अक्षर आहे.

लावण्याआधी कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी जीभ अजून शाबूत असेल तर मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. पहिल्यांदा लावाल तेव्हाच व्हीसीआर कॅप्चर कार्डाने (टेपचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवणारं साधन) कॉम्प्युटरला जोडून ठेवा. फीत दुसऱ्यांदा चालेल याची खात्री धरू नका.

चित्र बारीक बारीक तुटायला लागलं तर हेड पुसावं लागेल. शामीच्या (पुसायच्या मऊ) कातड्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. वर-खाली कधीच घासू नका, हेडचं टोक मोडतं. कापसाची काडी तर जवळही आणू नका.

आणि एक करा : पिक्चर संपला तरी टेप बंद करू नका. असा पिक्चर दीड तासाचा असतो आणि ई-१८० कॅसेट तीन तासांची. उरलेल्या जागेत लायब्ररीवाले दूरदर्शनचा कार्यक्रम, घरचं लग्न, गावची मंडई, काहीही भरून ठेवत. पिक्चर दुसरीकडे मिळेल. पुढचा दीड तास बाबांनी कशाने भरला, ते फक्त या फितीवर आहे. शेवटपर्यंत चालू द्या.

प्रश्न : काका, मी आरमोरीला बारावीत आहे. मोबाइलवर विज्ञानकथेचा छोटा पिक्चर करायचा आहे. पैसे नाहीत. कुठून सुरुवात करू? (एक विद्यार्थी, जि. गडचिरोली)

उत्तर : बेटा, कॉर्मनच्याच कारखान्यातला १९८१ चा 'गॅलक्सी ऑफ टेरर' आठवतो. पिक्चर भयंकर आहे आणि मोठ्यांसाठी आहे, त्यामुळे पाहू नकोस. गोष्ट तेवढी ऐक. यानातल्या बोळाच्या भिंती कॅमेरॉनने थर्माकोलच्या खाण्याच्या डब्यांनी मढवल्या. रंग दिला, प्रकाश बाजूने टाकला, आणि पडद्यावर ते यंत्र दिसू लागलं. एका दृश्यात तुटलेल्या हातावर अळ्या वळवळायला हव्या होत्या, त्या हलेनात. त्याने खालून तार नेली आणि वीज सोडली. 'ॲक्शन' म्हटलं की अळ्या सुरू, 'कट' म्हटलं की थांबल्या. बघायला आलेल्या निर्मात्यांना वाटलं, हा अळ्यांकडून काम करून घेतो तर नटांकडूनही घेईल, आणि त्याला दिग्दर्शनाचं काम मिळालं. विजेचा हा प्रयोग तू अजिबात करायचा नाहीस. डब्यांचा मात्र जरूर कर.

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे गोळा कर. सगळ्याला एकच राखाडी रंग दे. रंग वेगळे राहिले तर ट्रे ट्रेच दिसतो. समोरून उजेड टाकू नकोस, एका बाजूने आणि खालून टाक. सावल्या लांब पडल्या की खोली वाढते. थर्माकोलवर स्प्रे थेट मारलास तर ते विरघळतं, म्हणून आधी डिस्टेंपरचे दोन हात दे, पूर्ण वाळू दे, मग स्प्रे घे.