शेअर बाजारातल्या क्षेत्रांची तुलना करताना नेमका कोणता कालावधी धरावा?

तुमचा प्रश्न असा, की एक, तीन, पाच आणि दहा वर्षांच्या परताव्याच्या तक्त्यात दर रकान्यात वेगळंच क्षेत्र (आयटी, बँका, धातू असं) पहिलं येतं, मग खरं कोणाला मानायचं? मी लातूरचा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकानाचा हिशेब लिहितो आणि बरीच वर्षं बाजारात थोडे थोडे पैसे घालतो. माझं म्हणणं एवढंच, की आकडा नंतर बघा, तो कोणत्या तारखेपासून मोजलाय ते आधी बघा.

2015 मध्ये तूरडाळ किरकोळीत दोनशे रुपये किलोच्या वर गेली होती. तो भाव बघून 2016 च्या खरिपात आमच्याकडे जो तो तुरीकडे वळला. पाऊसही चांगला झाला आणि 2017 च्या सुरुवातीला बोनससह 5,050 रुपये हमीभाव असताना मोंढ्यात त्याच्या खालीच तूर विकली जात होती. एक वर्षाचा रकाना बघून क्षेत्र निवडणं म्हणजे गेल्या सालच्या भावावर पेरणी करणं.

हे मला मोंढ्यात रोज दिसत होतं, तरी बाजारात मी तेच केलं. निफ्टी आयटी, म्हणजे आयटी कंपन्यांचा निर्देशांक, 2020 मध्ये सुमारे 55 टक्के आणि 2021 मध्ये सुमारे 60 टक्के वाढला होता. 2022 च्या जानेवारीत मी त्यात पैसे घातले. त्या वर्षी तो जवळपास 26 टक्के पडला. 2023 मध्ये 24 टक्क्यांच्या आसपास वर आला, तरी माझे शंभराचे 92 च होते. आता गणित बघा: 2022 अखेरच्या तक्त्यात याच आयटीचा तीन वर्षांचा वार्षिक परतावा 22 टक्के दिसत होता. आकडा खोटा नव्हता. तो 2020 ला पेरलेल्याचा होता, माझा नव्हता.

पाच वर्षांच्या रकान्याचंही तसंच. मार्च 2020 च्या पडझडीपासून मोजलं तर जवळपास प्रत्येक क्षेत्र भरघोस दिसतं. आमच्याकडे 2015 च्या दुष्काळाशी तुलना केली तर 2016 चं कुठलंही पीक सोन्यासारखंच दिसेल.

उलट, सुरुवात शिखरावरून धरा. निफ्टी रिअल्टीने, म्हणजे बांधकाम कंपन्यांच्या निर्देशांकाने, 2023 मध्ये 80 टक्क्यांच्या आसपास उडी मारली, पण जानेवारी 2008 चं शिखर त्यानंतरही त्याला गाठता आलं नाही. सरकारी बँकांच्या निर्देशांकाला 2010 च्या शेवटी गाठलेली पातळी ओलांडायला 2023 उजाडलं. तेरा वर्षं! तेवढ्यात पोरगं शाळेतून कॉलेजात जातं.

म्हणून मी रोलिंग रिटर्न काढतो. दर महिन्याच्या शेवटी पैसे घातले असते तर पाच वर्षांनी किती मिळाले असते, हे महिना पुढे सरकवत मोजत जायचं. निर्देशांकांचे जुने आकडे निफ्टी इंडायसेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, एक्सेलमध्ये एका संध्याकाळचं काम आहे. मग सरासरीच्या आधी सगळ्यात वाईट पाच वर्षं बघा आणि ते क्षेत्र किती वेळा निफ्टी 50 च्या, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या, मागे राहिलं ते मोजा. धातूचे आकडे खालवर फेकले जातात, कारण त्यांचा भाव जगाच्या बाजारात आणि चीनच्या मागणीवर ठरतो. साबण-बिस्किटांचं तसं नसतं: 2008 मध्ये निफ्टी निम्म्याहून खाली आला, तेव्हा एफएमसीजी, म्हणजे अशा रोजच्या वापराच्या वस्तूंच्या कंपन्यांचा निर्देशांक, साधारण पाचव्या हिश्श्यानेच घसरला.

आकडे घेताना टोटल रिटर्न इंडेक्सचेच, म्हणजे लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाचेच घ्या. नुसत्या किमतीच्या निर्देशांकात लाभांश धरलेला नसतो, आणि दरवर्षी चांगला लाभांश देणाऱ्या ऊर्जा क्षेत्रावर दहा वर्षांत त्याने अन्याय होतो.

तुमच्या तक्त्याची शेवटची तारीख कोणती ते कळवा. तिच्या मागे पाच वर्षं गेल्यावर 2020 चा तळ लागतो का, हे मी सगळ्यात आधी तपासेन.