पॉलिशपेपर नंतर, आधी नंबर

देवळालीच्या बंगल्यातून जुनी कॅनो, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, आणलीस, झकास! पण लगेच पॉलिशपेपर मारू नकोस. दोन्ही टोकांना वाकवलेलं जे लाकूड असतं, त्याच्या आतल्या बाजूला तळाशी बघ. कारखान्यात ठोकलेला नंबर वार्निशखाली बुजलेला असू शकतो. टॉर्च आडवा धर, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरव. मी एकदा ३ चा ८ वाचला आणि महिनाभर भलत्याच होडीचा इतिहास चाळत बसलो!

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओल्ड टाउन कंपनीची निघाली तर नशीबच. त्यांच्या नंबरापाठोपाठ फुटांत लांबी असते, आणि कारखान्याच्या जुन्या नोंदींत फळ्या, कॅनव्हास, वार्निश यांच्या तारखा, माल कुठे पाठवला तेही सापडतं. होडी कुणा साहेबाची होती ही विकणाऱ्याची गोष्ट मजेत ऐक, पण आधी मोजायची टेप लाव. नंबरापुढे १७ आणि टेपवर १६ आलं, तर आकडा परत वाच.