आधी नोंदणी, मग युक्तिवाद

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद.

शुक्रवारी तुझा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. तुझ्या अशिलाची कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याची. तिने न्यूयॉर्कमधल्या ग्राहकाकडे थकलेल्या बिलांसाठी तिथेच दावा लावला. आणि प्रतिवादीच्या वकिलाने दाखवून दिले की कर थकल्यामुळे न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करण्याचे तिचे अधिकारपत्र केव्हाच रद्द झाले आहे. त्यावर तू मला विचारलेस, "काका, दावा गेला का?" दावा गेलेला नाही. तो अडला आहे, आणि या दोहोंतला फरक तुला कळला नाही याचे मला वाईट वाटले.

हा घोळ कुठून आला ते मला ठाऊक आहे. पुण्यात एलएल.बी. करताना तू १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९ पाठ केलेस. तिथे नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेने कराराच्या हक्कासाठी दावा 'दाखल'च करायचा नाही, आणि मागाहून केलेली नोंदणी त्या दाव्याला वाचवत नाही. न्यूयॉर्कच्या बिझनेस कॉर्पोरेशन लॉच्या कलम १३१२ मधला शब्द वेगळा आहे. परराज्यातील कंपनीला अधिकारपत्र मिळेपर्यंत, आणि राज्याचे शुल्क, कर, दंड व व्याज चुकते होईपर्यंत दावा 'चालवता' येणार नाही, एवढेच ते म्हणते. म्हणून तिथली न्यायालये साधारणपणे दावा प्रलंबित असतानाही ही त्रुटी दूर करू देतात. करार शाबूत राहतो, आणि तुझ्या कंपनीवर कोणी दावा लावला तर बचाव करण्याचा तिचा हक्कही शाबूत राहतो. भारतातल्या कायद्याशी तुलना करायचीच होती, तर २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ३९३ आठवायला हवे होते. परदेशी कंपनीने पूर्तता करेपर्यंत तिला दावा लावता येत नाही, पण तिचा करार अवैध ठरत नाही, असे तेही सांगते.

तेव्हा आधी नोंदणी, मग युक्तिवाद. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

राज्याचे न्यायालय सोडून फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात जाऊ का, हा तुझा दुसरा प्रश्न होता. खरे सांगतो, तो ऐकून मी चिडलो. वूड्स विरुद्ध इंटरस्टेट रिअल्टी हा १९४९ चा निकाल तू वाचलेला असायला हवा. टेनेसीची कंपनी मिसिसिपीतल्या जमिनीच्या विक्रीवरील दलालीसाठी फेडरल न्यायालयात गेली, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षकार निरनिराळ्या राज्यांचे आहेत एवढ्याच आधारावर तिथे जाणाऱ्याला राज्याच्या न्यायालयात बंद असलेला मार्ग तिथेही बंदच असतो. तुझा हक्क फेडरल कायद्यातून आला असता तर गोष्ट वेगळी होती. साध्या बिलाच्या वसुलीला ती सवलत नाही.

उरला तुझा आवडता मुद्दा: आमचा व्यवसाय आंतरराज्य व्यापाराचा आहे, त्यावर राज्याला अशी अट घालता येत नाही, म्हणून आम्हाला नोंदणीची गरजच नव्हती. मुद्दा खोटा नाही. १९७४ च्या ॲलनबर्ग कॉटन खटल्यात मेम्फिसच्या कंपनीने मिसिसिपीतल्या शेतकऱ्याचा कापूस घेण्याचा करार केला होता. शेतकऱ्याने माल द्यायला नकार दिला आणि कंपनीची नोंदणी नाही हे कारण पुढे केले, ते न्यायालयाने मानले नाही. पण १९६१ चा एली लिली खटलाही वाच. ती इंडियानाची कंपनी; नेवार्कमध्ये तिचे कार्यालय होते आणि १८ माणसे डॉक्टरांकडे व औषधविक्रेत्यांकडे फिरत होती. एवढ्यावरून न्यू जर्सीला अधिकारपत्राची सक्ती करता आली, तीही ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने. तुझ्या अशिलाचे मॅनहॅटनमध्ये कार्यालय आहे. तुझे घोडे कापसाच्या बाजूला आहे की औषधाच्या, हे तूच ठरव.

मी पंचवीस वर्षांपूर्वी हेच ठरवताना चुकलो. राज्य दुसरे होते, अशील यंत्रांचे सुटे भाग विकणारा होता. वार्षिक अहवालाचे स्मरणपत्र जुन्या पत्त्यावर गेले आणि नोंदणी रद्द झाली. काही शे डॉलर भरून ती पूर्ववत करता आली असती. मी अडून बसलो: अर्ज केला तर त्या राज्यात व्यवसाय केल्याची आपणच कबुली देतो, असे माझे म्हणणे होते. चौदा महिने वाद चालला. शेवटी गुणदोषांत न शिरताच दावा काढून टाकला गेला, आणि तोवर नव्याने दावा लावण्याची मुदत उलटून गेली होती. आधी कळस मग पाया, असा तो उद्योग. आपला कोणताही हक्क न सोडता, तसे स्पष्ट लिहून, अर्ज करता येतो हे मला तेव्हाही माहीत होते.

तरीही सांगतो, माझा युक्तिवाद चुकीचा नव्हता. गोदामातला आमचा माल पुढच्या राज्यात जाण्यासाठी थांबलेला होता. ॲलनबर्गचा कापूसही आधी मिसिसिपीच्या गोदामातच जायचा होता की नाही? त्या न्यायाधीशांना तो फरक दिसला नाही, हे मी आजही म्हणतो. अशिलाचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच, आणि त्यानंतर त्याने मला कधी फोन केला नाही.

म्हणून आधी नोंदणी. सुरुवात डेलावेअरपासून कर. तिथला फ्रँचाईज टॅक्स, म्हणजे तिथे नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक कर, १ मार्चपर्यंत भरायचा असतो. तो थकला असेल तर २०० डॉलर दंड आणि दरमहा दीड टक्का व्याज भरावे लागते, आणि ते चुकते झाल्याशिवाय 'गुड स्टँडिंग'चे, म्हणजे कंपनीचे सारे नियमित असल्याचे, प्रमाणपत्र मिळत नाही. न्यूयॉर्कच्या कर खात्याचा हिशेब त्यानंतर मिटव. त्याला वेळ लागतो, म्हणून आजच सुरू कर आणि पूर्ततेसाठी न्यायालयाकडे मुदत माग. कराराच्या दाव्याला न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षे मिळतात. सर्वांत जुन्या बिलाची तारीख काढून कॅलेंडरवर लाल शाईने लिही. अधिकारपत्र लागावे इतका व्यवसाय नियमित व सातत्याचा होता हे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असतो, हा तुझा मुद्दा उत्तरात जरूर मांड. मात्र पर्यायी मुद्दा म्हणून, अर्जाची पोच जोडून.

कंपनीच्या मालकाला फोन तू स्वतः कर, आणि दाव्याआधी नोंदणी तपासायची राहिली हे त्याला स्पष्ट सांग. सोमवारी डेलावेअरचे पैसे भरले गेले की मला पावतीचा फोटो पाठव. रात्री कितीही वाजता चालेल.

तुझा,
काका