डार्क चॉकलेटमध्ये पालकापेक्षा जास्त लोह असतं, मग पालक कशाला खायचा?

तुम्ही लिहिलंय की १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये पालकाच्या चौपट लोह आणि जवळजवळ तिप्पट मॅग्नेशियम असल्याचा एक तक्ता पाहिला. तो खरा आहे का, आणि खरा असेल तर रोज पालकाऐवजी चॉकलेट खाल्लं तर काय बिघडलं, असा तुमचा प्रश्न.

आधीच सांगून टाकतो, मला पालक फारसा आवडत नाही आणि चॉकलेट फार आवडतं. त्यामुळे असाच तक्ता माझ्या हाती लागला तेव्हा मी चॉकलेटचं वकीलपत्र घेऊन बसलो होतो. खटला हरलो.

आकडे खरे आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणविषयक नोंदींनुसार ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारण १२ मिलिग्रॅम लोह आणि २२८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. कच्च्या पालकात तेच २.७ आणि ७९. गोम आहे ती '१०० ग्रॅम'मध्ये. पालकाच्या १०० ग्रॅममध्ये ९१ ग्रॅम निव्वळ पाणी असतं, चॉकलेटमध्ये जेमतेम एक-दीड ग्रॅम. म्हणजे आपण एका ओल्या आणि एका कोरड्या वस्तूला एकाच तराजूत घालतोय. पालक कडकडीत वाळवून त्याची भुकटी केली, तर त्या भुकटीच्या १०० ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरेल. मग चॉकलेटच मागे पडतं.

उष्मांकाच्या हिशेबाने पाहिलं तर चॉकलेटची आणखी पंचाईत होते. १०० ग्रॅम चॉकलेट म्हणजे सुमारे ६०० कॅलरी, पालक म्हणजे २३. शंभर कॅलरींच्या चॉकलेटमधून २ मिलिग्रॅम लोह मिळतं, शंभर कॅलरींच्या पालकातून जवळपास १२. अर्थात हाही हिशेब थोडा लबाडच आहे, कारण शंभर कॅलरींसाठी तब्बल ४३५ ग्रॅम पालक खावा लागेल. इतका पालक एका बैठकीत कोण खातं?

म्हणून मी शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि माणूस खरोखर जेवढं खातो तेवढं मोजलं. चॉकलेट २५ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चौकोन. पालक २०० ग्रॅम. कच्चा असताना पातेलं भरून वाहतो आणि शिजला की मूठभर उरतो, त्यामुळे ही मात्रा सहज खाल्ली जाते. चॉकलेटमधून आलं ३ मिलिग्रॅम लोह, ५७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, १५० कॅलरी, १० ग्रॅमच्या वर स्निग्धांश आणि ६ ग्रॅम साखर. पालकातून साडेपाच मिलिग्रॅमच्या जवळपास लोह, १५८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि कॅलरी फक्त ४६. शिवाय चॉकलेटमध्ये ज्यांचा जवळपास पत्ताच नसतो अशा गोष्टी: क जीवनसत्त्व, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व), अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते बीटा कॅरोटीन, आणि दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट के जीवनसत्त्व. शिजवताना क आणि फोलेट बरंच कमी होतं, हे मात्र धरून चाला.

पण इथे पालकाच्या बाजूनेही फार टाळ्या पिटू नका. ताटातलं लोह आणि रक्तात पोचलेलं लोह यांत मोठी तफावत असते. वनस्पतींमधलं लोह मांसातल्या लोहाइतकं सहज शोषलं जात नाही. कोकोतले पॉलिफिनॉल, म्हणजे त्याला तुरटपणा देणारी द्रव्यं, तर लोहाला धरूनच ठेवतात. चहा करतो तेच काम. पालकातलं लोहही आतड्याला सुखासुखी मिळत नाही, आणि कॅल्शियमचं तर विचारूच नका. कागदावर कॅल्शियम भरपूर दिसतं, पण पालकातलं ऑक्झलेट नावाचं क्षार त्याला बांधून टाकतं आणि शोषण होतं जेमतेम ५ टक्के. दुधात हेच प्रमाण पाव हिश्श्याच्या वर असतं. पालक भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकलं तर ऑक्झलेट कमी होतं, पण त्याच पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. मी उकडत नाही, झटपट परततो आणि वर लिंबू पिळतो. क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण सुधारतं आणि तेलामुळे के जीवनसत्त्व व कॅरोटीन अंगी लागतं. (दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातलं लोह दहापट लिहिलं गेलं आणि त्यातूनच पालक लोहाचा खजिना ठरला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. तिला भक्कम पुरावा सापडत नाही. दंतकथा खोडून काढायला निघालेली ती दुसरी दंतकथा.)

मग चॉकलेटची खरी जमेची बाजू कोणती? फ्लॅव्हनॉल. कोकोतल्या या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि वाहिन्या सैलावतात. गंमत म्हणजे पालकही याच दाराशी पोचतो, फक्त वाट वेगळी. पालकातल्या नायट्रेटचं तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्याचंही नायट्रिक ऑक्साइड होतं. जंतुनाशक माउथवॉशने दिवसातून दोनदा खळखळून चुळा भरणाऱ्यांच्या बाबतीत ही वाट बरीचशी बंद होते.

फ्लॅव्हनॉलच्या नावाखाली चॉकलेट विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉसमॉस या मोठ्या चाचणीत २१ हजारांहून अधिक वयस्कर लोक होते. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल देऊन हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना एकूण ठोसपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण तो मुख्य निष्कर्ष नव्हता. आणि त्या लोकांना दिल्या होत्या कॅप्सूल, चॉकलेट नव्हे. वेष्टनावरच्या ७० टक्क्यांवरून फ्लॅव्हनॉलचा अंदाजही येत नाही. त्या आकड्यात कोको बटर धरलेलं असतं, आणि खनिजं व फ्लॅव्हनॉल असतात ती बटर वगळून उरलेल्या कोकोत. त्यातही अल्कलीची प्रक्रिया केलेला कोको असेल तर कडवटपणाबरोबर फ्लॅव्हनॉलही बरेच उडून जातात. घटकांच्या यादीत ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

रोज खाणार असाल तर आणखी एक. डार्क चॉकलेटमध्ये कॅडमियम आणि शिसं हे विषारी धातू सापडतात. कॅडमियम झाडाच्या मुळांवाटे जमिनीतून येतं, शिसं बहुधा बिया वाळवताना बसणाऱ्या धुळीतून. पालकही जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतो, तेव्हा इथे दोघंही आरोपी. म्हणून चॉकलेटचा ब्रँड आणि पालेभाजी, दोन्ही आलटून पालटून घेतलेलं बरं.

आता तुमचा थेट प्रश्न. पालकाच्या जागी चॉकलेट चालणार नाही. जेवणानंतरचा गोड पदार्थ म्हणून दोन चौकोन खायला माझी हरकत नाही, मी खातोच. रक्तात लोह कमी आहे म्हणून हा शोध चालला असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून डॉक्टरांना विचारा. ऑक्झलेटचे मूतखडे होऊन गेले असतील तर पालक आणि कोको दोन्ही जपून. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पालक अचानक वाढवू किंवा बंद करू नका, कारण के जीवनसत्त्वावर त्या गोळीची मात्रा ठरलेली असते. आणि घरात कुत्रा असेल तर चॉकलेट त्याच्या तोंडाला लागणार नाही असं उंचावर ठेवा. त्यातलं थिओब्रोमिन त्याला पचत नाही, आणि चॉकलेट जितकं काळं तितका धोका जास्त.