स्त्रीवादी समीक्षक आणि डीन असलेल्या प्राध्यापिकेच्या जुन्या कागदपत्रांत संशोधकाने काय शोधावं?

लेखांचे खर्डे सगळेच बघतात. मी आधी कचेरीचे कागद मागवीन.

अमेरिकेतल्या अ‍ॅनेट कोलोड्नींचंच घ्या. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने बढती नाकारली, तेव्हा त्यांनी भेदभावाचा दावा लावला. 1980 मध्ये तो तडजोडीने मिटला आणि त्याच वर्षी स्त्रीवादी समीक्षेवरचा त्यांचा गाजलेला लेखही आला. पुढे 1988 ते 1993 त्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात मानव्यविद्या शाखेच्या डीन होत्या. ज्या टेबलासमोर त्यांना नकार मिळाला, तसल्याच टेबलामागे त्या बसल्या! डीनपदाच्या अनुभवावरच्या 1998 च्या पुस्तकात त्यांनी मुलं-कुटुंब सांभाळणाऱ्यांना सोयीचं विद्यापीठ कसं असावं, हे मांडलं. अशी धोरणं कशी घडली, कोणी अडवली, हे बैठकांच्या इतिवृत्तांत, अंदाजपत्रकाच्या मसुद्यांत आणि समासातल्या पेन्सिलीच्या शेऱ्यांत कळतं.

जाण्याआधी संग्रहाची सूची ऑनलाइन वाचा. विद्यार्थ्यांच्या आणि नेमणुकांच्या फायली बहुधा बरीच वर्षं बंद असतात, म्हणून ग्रंथपालांना आधीच ईमेल करा. सुरुवात ब्राउन विद्यापीठाच्या पेम्ब्रोक सेंटरपासून करा. स्त्रीवादी अभ्यासकांची कागदपत्रं तिथे मुद्दाम जमवली आहेत.